तेरा एप्रिलचं पाणी

१३ एप्रिल २००३ रोजी, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, बिबवेवाडीतल्या आमच्या घरात नोई नावाची थाई मुलगी माझ्या वडिलांच्या हातांवर पाणी ओतत होती. त्यांनी हात मागे घेतले आणि चपला घालून ते जिना उतरून गेले. पाणी फरशीवर सांडलं. त्या दिवशी थायलंडमध्ये नवं वर्ष सुरू होत होतं.

एप्रिल आला की हे आठवतं. मी ज्या वर्तमानपत्रात काम करते तिथे दरवर्षी तेरा तारखेला दुपारपासून वृत्तसंस्थांची छायाचित्रं येऊ लागतात. पाण्याच्या बंदुका रोखलेले पर्यटक, सोंडेने फवारा सोडणारा हत्ती, गालांना पांढरा लेप लावून हसणारी मुलगी. खाली दोन ओळींची जागा असते. 'थायलंडमध्ये पारंपरिक जलोत्सवास प्रारंभ झाला' एवढं लिहिलं की एक ओळ भरते. दुसरीत हत्ती येतो. अलीकडे पुण्यातली काही हॉटेलंही हा सण करतात. गच्चीवर रबरी पाइप, मोठ्या आवाजातलं संगीत, प्रवेशिकेबरोबर प्लास्टिकची बंदूक. त्याचीही बातमी येते: पाणीकपातीत ही उधळपट्टी कशाला, असा नागरिकांचा सवाल. दोन्ही मजकूर बरोबर असतात. नोई त्या सकाळी जे करायला बसली होती ते मात्र दोन्हींत नसतं.

नोई हे तिचं घरातलं नाव. पासपोर्टवरचं नाव माझ्या आईला तीन प्रयत्नांनंतरही जमलं नाही आणि तिने तो नाद सोडला. नोई चिआंग माईजवळच्या एका गावची. पुण्यात इंग्रजी शिकायला आली आणि पदवीनंतर विमाननगरजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. मोबाइल फोनच्या पडद्यावर थाई अक्षरं नीट उमटतात की नाही हे तपासणं हे तिचं काम. थाई अक्षराच्या डोक्यावर कधी कधी एकावर एक दोन चिन्हं असतात आणि पडद्यावर वरचं चिन्ह कापलं जायचं. कापलेलं चिन्ह शोधायचं, नोंदवायचं, पुढच्या आठवड्यात दुरुस्त होऊन आलं की पुन्हा शोधायचं. त्या काळात पुण्यात अशी कामं निघाली होती, ज्यांना घरात काय म्हणायचं ते कोणाला माहीत नव्हतं. आई शेजारी सांगायची, "ती फोनमध्ये असते."

पैसे देऊन राहायला आमच्या घराची निवड नोईच्या आईने केली, चिआंग माईहून, फोनवर. घर बौद्ध आहे का, एवढंच तिने विचारलं होतं. नोई पहिल्या दिवशी आली, फडताळावरच्या पितळी बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून तीनदा वाकली आणि मग शेजारच्या तसबिरीकडे बघून तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "कोट घातलेले हे कोण?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मोजकं बोलत. ते म्हणाले, "हे नसते तर मूर्ती इथे नसती. मीही नसतो."

नोईने त्या तसबिरीलाही तीनदा नमस्कार केला. तिची खोली त्याच क्षणी पक्की झाली असावी. खोली म्हणजे माझीच. दुसरा पलंग टाकला होता.

त्या एप्रिलचे वास अजून वेगळे काढता येतात. नळाला पाणी सकाळी दोन तास. त्यामुळे पहाटेपासून निळ्या पिंपांत पाणी पडल्याचा आवाज आणि ओल्या प्लास्टिकचा वास. माठात आईने टाकलेला वाळा. दुपारी गॅलरीत तापलेल्या लोखंडी कठड्याचा वास, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हारवाल्याकडचा मोगरा. नोईला पुण्यात पहिल्यांदा घर आठवलं ते मोगऱ्यामुळे, असं ती म्हणाली होती. तिच्या गावी नववर्षाच्या पाण्यात हीच फुलं टाकतात. त्या आठवड्यात ती रोज गजरा आणायची, आणि तो केसांत न माळता नाकाशी धरून कंपनीच्या बसमध्ये चढायची.

नववर्षासाठी आणायच्या तिच्या यादीत आणखी एक वस्तू होती. थाई नाव आम्हाला कळेना आणि इंग्रजी नाव तिला माहीत नव्हतं. शनिवारी मी तिला बुधवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात घेऊन गेले. तिने एकेका पोत्यात हात घालून वास घ्यायला सुरुवात केली. दुकानदार पाच मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "वास घेऊन झाला असेल तर थोडं विकतही घ्या. बंदी नाही." तेवढ्यात नोई ओरडली. तिच्या हातात वाळक्या तपकिरी शेंगा होत्या.

घरी आईने पुडी उघडली. "अगं, ही शिकेकाई!"

"नव्या वर्षाची," नोई म्हणाली. शेंगा भाजायच्या, पाण्यात घालायच्या, त्या पाण्याने आधी बुद्धाला अंघोळ आणि मग घरातल्या मोठ्यांचे हात. वर्षभरातलं वाईट धुऊन निघतं.

"बुद्धाला शिकेकाई लावणारं घर पहिल्यांदाच पाहिलं," आई म्हणाली. पण शेंगा तिनेच भाजल्या. नोईच्या हातून त्या करपल्या असत्या, असं तिचं मत होतं.

विधीचा जो भाग महत्त्वाचा, तो नोईने शनिवारी जेवताना समजावून सांगितला. वर्षभरात आपल्याकडून कळत नकळत मोठी माणसं दुखावलेली असतात. नव्या वर्षी त्यांच्या हातांवर पाणी ओतायचं आणि क्षमा मागायची. ती देतात, वर आशीर्वाद देतात. तिथून वर्ष सुरू होतं. त्या वर्षी कंपनीने सुट्टी दिली नव्हती आणि नोईचे वडील तिच्यावर रागावून होते. भातशेती आणि लिचीसारख्या लाँगन फळाची बाग सोडून मुलगी परदेशात फोन तपासते, हे त्यांना पटलेलं नव्हतं. जानेवारीपासून ते तिच्याशी फोनवर बोलले नव्हते. आई फोन त्यांच्याकडे द्यायची आणि ते तो परत आईकडे द्यायचे. तेव्हा यंदा तिच्या डोक्यावर हात ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने विचारलं, अप्पा आणि आई बसतील का?

अप्पांनी आधी अट घातली. "पाय धुणार असशील तर नाही. आमच्याकडे कोणी कोणाचे पाय धूत नाही."

"पाय नाही. फक्त हात."

"हात चालतील."

चूक इथे झाली. हात कसे धरायचे, हे कोणी विचारलं नाही आणि नोईला सांगावंसं वाटलं नाही. तिच्या देशात ते तीन वर्षांच्या मुलालाही माहीत असतं.

रविवारी सकाळी तिने गॅलरीत मूर्तीला अंघोळ घातली. पाणी खाली गेलं असावं, कारण खालच्या मजल्यावरून लेलेबाईंचा आवाज आला. त्या सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड सोडून इकडे फ्लॅटमध्ये आल्या होत्या. बोलणं तिकडचंच आणलं होतं.

"प्रज्ञा, नळाला येत नाही ते पाणी तुमच्या गॅलरीतून येतंय. रोज येणार असेल तर सांगा, बादली लावते."

"आज सण आहे, काकू," मी गॅलरीतून वाकून म्हणाले.

"कोणाचा?"

"नोईचा. नवं वर्ष."

"मग साबणाचं नाही ना एवढं बघा. माझ्या कुंड्या आहेत."

आतल्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या, समोर परात. पितळी तांब्यात पिवळसर पाणी, वर मोगऱ्याच्या कळ्या. नोईने कुठूनतरी मिळवलेली लाल फुलांची साडी आईकडून नेसून घेतली होती. ती अप्पांपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने स्वतःचे दोन्ही तळहात जोडून, वर करून, त्यांना दाखवलं: असे धरा. अप्पांनी धरले. तांब्याचं तोंड रुंद होतं. पाणी एकदम पडू नये म्हणून नोई गुडघ्यांवर उंच झाली आणि तिने तांब्या वर नेला. धार लागली.

पुढचं पहिल्या परिच्छेदात आलं आहे. 'नको' हा एक शब्द त्यांनी उच्चारला असं आईचं म्हणणं आहे. मला तो ऐकू आला नाही.

नोई तांब्या धरून तशीच बसली. मग तिने फरशी पुसली. कळ्या वेचून परातीत ठेवल्या. आई स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आली तेव्हा ती आमच्या खोलीत पलंगाखालची सुटकेस ओढत होती.

"ही कुठे निघाली?" आईने मला विचारलं.

नोई इंग्रजीत म्हणाली की अप्पांनी क्षमा दिली नाही. तिने या घरात काहीतरी मोठी चूक केली आहे आणि ती काय, हे तिला माहीतसुद्धा नाही. अशा घरात नव्या वर्षी राहता येत नाही. ती उद्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहात चौकशी करेल.

मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "रागावले ते, आणि बाहेर गेले तेही तेच. मग ही कशाला जातेय? तिला म्हणावं, आधी जेव. सुटकेस कुठे पळत नाही. आणि तू, जा, बघ त्यांना."

अप्पा चौकातल्या मांडवात सापडले. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, जयंती. निळ्या पताका लागत होत्या, ध्वनिक्षेपकाची तपासणी चालली होती. मिरवणुकीच्या वाटेवरच्या पाणपोईचं काम दरवर्षी अप्पांकडे असायचं. तीन रांजण, वर ओलं गोणपाट. मंडळाचा एक कार्यकर्ता त्यांच्याशी वाद घालत होता.

"अप्पा, पेले कशाला? ओगराळ्याने ओतू ना ओंजळीत. हजार माणूस येणार. विसळणार कोण?"

"मी."

"दरवर्षी तुम्ही हेच म्हणता."

"आणि दरवर्षी विसळतो."

हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचं कारण स्वच्छता असावं, असं मी धरून चालले होते. अप्पा प्रवासातही स्वतःचा पेला बाळगत. सार्वजनिक नळावर ओंजळीने पाणी पिताना मी त्यांना पाहिलेलं नाही. बातमीत ज्याला पार्श्वभूमी म्हणतात ती अशी समोर पडलेली असते आणि विचारणारा नसतो.

मला पाहून ते रांजणांच्या मागे आले. म्हणाले, "पोरगी रडतेय का?"

"सामान भरतेय."

ते गोणपाटावर पाणी शिंपडत राहिले. मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, थांबलाही नाही. टपाल खात्यातल्या जुन्या गोष्टी सांगत तसंच.

"शाळेत पाण्याचा पिंप होता. आम्ही हात लावायचा नाही. मधल्या सुट्टीत शिपाई येईल तेव्हा प्यायचं. तो ओट्यावर उभा, आम्ही खाली उकिडवे. ओंजळ तोंडाशी धरायची. तो तांब्या असा वर धरायचा." त्यांनी हात खांद्याच्या वर नेला. "थेंब उडून त्याला लागायला नको ना. पाणी नाकात जायचं, सदरा भिजायचा. वर्गात गेलं की मास्तर म्हणायचे, काय रे, अंघोळ उरकून आलास?"

"मग?"

"मग काय. तहान लागायची. प्यायचो." गोणपाट सरळ करत ते म्हणाले, "शिपाई वाईट नव्हता. वरून ओतायचा, पण भरपूर ओतायचा."

हे सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या बरंच पुढे, त्यांच्या गावी. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला तेव्हा अप्पा पंधरा वर्षांचे होते. त्यानंतर ते पुण्याला आले आणि गावाबद्दल फारसं बोलले नाहीत. मला तळ्याचा सत्याग्रह तारखेसह पाठ होता. शाळेत असताना त्यावरच्या भाषणाला बक्षीस मिळालं होतं. ते भाषण अप्पांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं आणि घरी येताना म्हणाले होते, छान झालं. पाणी हा विषय मला दुसऱ्यांचा म्हणून माहीत होता.

"तिने दाखवलं तसे हात धरले," अप्पा म्हणाले, "आणि तांब्या वर गेला. चोपन्न वर्षांनी. मला वाटलं होतं, हात विसरले असतील."

"मी तिला समजावते."

"तू नको. मी सांगतो. तू नुसतं इंग्रजी कर."

जेवणाच्या वेळी त्यांनी ते पुन्हा सांगितलं, नोईसमोर बसून. मी वाक्यामागून वाक्य भाषांतर करत गेले. 'शिवायचं नाही' याला इंग्रजीत जो शब्द आहे तो पाठ्यपुस्तकातला आहे. जेवणाच्या टेबलावर तो नीट बसला नाही, म्हणून मी 'हात लावायचा नाही' एवढंच केलं. नोईला तेवढ्यावर कळलं. तिने एकच प्रश्न विचारला: पाणी ओतणारा उभा का राहायचा? तिच्या देशात ओतणाराच खाली बसतो.

"हां," अप्पा म्हणाले. "ते मी बघितलं. तू खालीच होतीस. पण ते उठल्यावर लक्षात आलं."

नोई म्हणाली की मग ती पाणी ओतणार नाही. नुसता नमस्कार करेल.

"नुसत्या नमस्काराने तुझं वर्ष सुरू होतं का?"

नोईला खोटं बोलता आलं नाही. "नाही."

अप्पांनी ताट बाजूला केलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले, जोडले, पाहिले. मग पालथे केले. बोटांच्या पेरांवर टपालाचे शिक्के मारून पडलेले घट्टे होते. "असं चालेल का? ओंजळ माझ्याच्याने होणार नाही. आज तरी नाही. पालथ्या हातांवर ओतलेलं धरतात का तुमच्यात?"

नोईला माहीत नव्हतं. तिच्या गावात तसं कोणी केलेलं तिने पाहिलं नव्हतं. विचारावं लागेल, असं ती म्हणाली. ही गोष्ट मला अजून विशेष वाटते. ती सहज हो म्हणू शकली असती आणि अप्पांना कधी कळलं नसतं.

दुपारी दोनच्या उन्हात आम्ही दोघी चौकातल्या आयएसडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात पंखा नव्हता. नोईने तिच्या आईला सगळं सांगितलं. थाईत मला फक्त 'अप्पा' हा शब्द ओळखू येत होता आणि तो बऱ्याचदा आला. पलीकडे बरीच माणसं असावीत, कारण प्रश्न पुढे पुढे दिला जात होता आणि नोई थांबून राहत होती. शेवटी तिचा चेहरा बदलला. ती ताठ उभी राहिली आणि हळू आवाजात बोलू लागली. मग ऐकत राहिली, आणि बाहेर आली.

उत्तर तिच्या वडिलांनी दिलं होतं. ते स्वतः फोनवर आले होते. त्यांच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते, संधिवाताने बोटं आखडलेले. त्यांना तळहात उघडता येत नसत. त्यांच्या हातांवर पाणी तसंच पालथं ओतत आणि त्यांचा आशीर्वाद सगळ्या गल्लीला चाले. तेव्हा चालतं.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्या माणसाला विचार, पाणी थंड हवं की कोमट. म्हाताऱ्यांना थंड सोसत नाही."

मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. अप्पा म्हणाले, "म्हातारा कोण?"

चारच्या सुमारास खुर्च्या पुन्हा मांडल्या. आई आधी बसली. तिने ओंजळ धरली आणि नोईला म्हणाली, "लवकर ओत, चहा ठेवलाय." मग अप्पा. त्यांनी हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. नोई जमिनीवर बसली, मांडी घालून, इतकी खाली की तांब्या जेमतेम त्यांच्या मनगटांच्या वर आला. पाणी हातांच्या शिरांवरून, बोटांच्या फटींतून परातीत उतरलं. एक कळी करंगळीजवळ अडकली. नोई थाईत काहीतरी पुटपुटली. मग तिने वर पाहिलं. आता अप्पांनी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

"सुखी राहा," ते म्हणाले. थोडा विचार करून: "नोकरी टिकव. वडिलांना पत्र लिही, फोनवर भांडणं मिटत नाहीत." ओला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. शिकेकाईचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळलं.

सुटकेस पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी नोई कंपनीतून लवकर निघाली आणि मिरवणूक संपेपर्यंत पाणपोईवर पेले विसळत होती.

२००५ च्या मे महिन्यात कंपनीने थाईचं काम दुसरीकडे हलवलं आणि नोई परत गेली. मधले दोन्ही एप्रिल ती आमच्याकडे होती. दोन्ही वर्षी तेरा तारखेला तिने पाणी केलं, खुर्च्या मांडल्या, आणि दोन्ही वर्षी अप्पांनी हात पालथेच ठेवले. शेवटच्या वर्षी तांब्या रिकामा झाल्यावर ते उठले नाहीत. "अजून आहे का?" असं त्यांनी विचारलं. आईने माठातलं पाणी दिलं आणि नोईने ते ओतलं.